भीती ओसरायला लागणारा वेळ

पायाने फळी दाबली की झाकण उघडतं, असं खाद्यपात्र परसात आणलं की कोंबड्या आधी मागे सरतात. याला मी मठ्ठपणा म्हणणार नाही. पायाखाली अचानक हललेलं आणि डोक्याजवळ खडखडलेलं टाळणं हे पाखराचं शहाणपणच आहे. म्हणून झाकण काही दिवस पूर्ण उघडं ठेवावं, मग अर्धं, मग बंद. दाणे मिळत राहिले की आवाजाची भीती ओसरते.

कुणी म्हणेल, भूक लागली की शिकतील आपोआप. धीट कोंबडी शिकेलही, तिचं पाहून आणखी काही. पण कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२२ साली ती सविस्तर मांडली. तळाची कोंबडी पात्राजवळ पोचेपर्यंत उपास तिच्याच वाट्याला येतो. सावकाश शिकवताना उंदीर-चिमण्या थोडे दाणे नेतील, हे नुकसान मला मान्य आहे. शिकवणं सर्वांत भित्र्या जिवाच्या चालीनं व्हावं. ती चाल ओळखायची कशी, हे मात्र प्रत्येक खुराड्यात नव्यानं शोधावं लागतं.