एक पान जास्तीचं

मेसला सुट्टी म्हणजे काय, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही! पण आपल्याकडे दिवाळीत मेस बंद झाली तरी गेटबाहेर वडापावची गाडी असते, टपरी असते, गेलाबाजार रूममेटच्या आईचा फराळ असतो. अमेरिकेत ती सोय नाही. २०२४ मध्ये ऑगस्ट ते डिसेंबर मी एक्स्चेंजवर ओहायो राज्यात एका छोट्या गावातल्या युनिव्हर्सिटीत होते. (आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी तपासलेत.) नोव्हेंबरमध्ये बोर्डावर नोटीस लागली : बुधवार रात्रीपासून रविवारपर्यंत डायनिंग हॉल बंद. कारण थँक्सगिव्हिंग.

बुधवारी संध्याकाळपर्यंत आख्खं हॉस्टेल रिकामं झालं. उरलो आम्ही परदेशी सात-आठ जण, मॅगीची पाकिटं मोजत. मग कळलं की तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसात एक यादी असते. गावातली ज्यांची इच्छा असेल ती कुटुंबं नाव देतात, आणि सणाच्या दिवशी एखाद्या परदेशी मुलाला घरी जेवायला नेतात. ओळख ना पाळख! मीही नाव दिलं, आणि 'शाकाहारी' या रकान्यात खूण केली. टर्कीच्या सणाला शाकाहारी पाहुणी म्हणजे कोजागिरीला दूध न पिणारा पाहुणा. तरी एका घरातून होकार आला.

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. ५ नोव्हेंबरला निवडणूक होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ट्रम्प निवडून आले होते, ओहायोही त्यांच्याकडे गेलं होतं. आमच्या लॅबमध्ये दोन पार्टनर एकमेकांशी फक्त रीडिंगपुरतं बोलत होते. आणि गुरुवारी मला न्यायला आलेल्या आजोबांची गाडी घराच्या वळणावर आली, तेव्हा अंगणात ट्रम्प यांची पाटी अजून रोवलेली, आणि शेजारीच उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीच्या गाडीवर कमला हॅरिस यांचा स्टिकर! म्हटलं, मेलो.

आजोबा काचेच्या कारखान्यातून रिटायर झालेले. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मला काही ते जमेना. मनातल्या मनात मी त्यांना आजी-आजोबाच म्हणत होते. मुलगी, जावई, माझ्याएवढी नात आणि मी, अशी सहा माणसं. नातीनेच स्वयंपाकघरात मला माहिती पुरवली : २०२० च्या निवडणुकीनंतर आई दोन वर्षं या घरी जेवायला आली नव्हती.

टीव्हीवर फुटबॉल चालू होता. डेट्रॉइट लायन्स दर थँक्सगिव्हिंगला खेळतात, १९३४ पासूनची प्रथा. त्या दिवशी समोर शिकागो होतं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात शिकागोवाल्यांनी घड्याळाकडे न बघता हातातली मॅच घालवली आणि डेट्रॉइट २३-२० ने जिंकलं. मला नियम ओ की ठो कळत नव्हते, पण सासरे-जावई एकमेकांना मिठी मारून ओरडत होते एवढं कळलं.

मग जेवण. टर्की, ग्रेव्ही, मॅश्ड पोटॅटो, क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस, रताळ्यावर चक्क मार्शमॅलो, फरसबीचं कॅसरोल आणि त्यावर तळलेला कांदा. टर्कीच्या पोटात भरतात ते ब्रेडचं स्टफिंग साधारणपणे मांसाच्या रश्शात भिजवतात. आजींनी माझ्यासाठी भाज्यांचं पाणी काढून वेगळ्या भांड्यात स्टफिंग केलं होतं, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं नाव, स्पेलिंग बरोब्बर! चार महिन्यांत माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर लिहिणारी ती पहिलीच व्यक्ती. जाता जाता एक गंमत : तुर्कस्तानात टर्कीला काय म्हणतात माहितीये? 'हिंदी'! म्हणजे तो पक्षी आपलाच गाववाला समजतात ते लोक. आहे मात्र मूळचा अमेरिकेचा.

जेवणाआधी आजोबांनी हात जोडून प्रार्थना सुरू केली, आणि माझ्या तोंडून ती आपोआप बाहेर पडू लागली. शाळेत दहा वर्षं डबा उघडण्यापूर्वी तीच म्हटली होती ना! सगळे डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागले. घरी आजी ताटावर बसलं की श्लोक म्हणायला लावायची आणि शाळेत सिस्टर ही प्रार्थना. पाच हजार रुपयांची शाळेची फी त्या दिवशी वसूल झाली.

पाय येईपर्यंत राजकारण काढायचं नाही, असा आजींचा नियम होता. पम्पकिन पाय आला आणि नियम संपला. सुरुवात नातीने केली. १६२१ च्या ज्या मेजवानीवरून हा सण सांगतात, ती गोष्टच अर्धी सांगतात, असं तिचं म्हणणं. हे मला नवीन होतं. मेफ्लॉवर जहाजातून १६२० मध्ये १०२ प्रवासी आले, पहिल्या हिवाळ्यात त्यांतले निम्मे मेले. जगले ते वाम्पानोआग लोकांनी मका पेरायला शिकवला म्हणून. पीक आल्यावर तीन दिवस जेवणं झाली, तेव्हा इंग्रज पन्नासच्या आसपास आणि मॅसासॉइट राजाबरोबर आलेले त्याचे लोक नव्वद. पाच हरणं त्यांनीच मारून आणली. म्हणजे पाहुणे यजमानांपेक्षा जास्त! आणि पुढे १६७५ मध्ये त्याच मॅसासॉइटच्या मुलाशी इंग्रजांचं युद्ध पेटलं, दुसऱ्या वर्षी तो मारला गेला. म्हणून १९७० पासून प्लिमथ गावात काही मूळ रहिवासी या दिवशी शोकदिन पाळतात.

आजोबा म्हणाले, सणाच्या दिवशी लाज वाटून घ्यायची का आता? मुलगी म्हणाली, ऐकून तर घ्या. तिथून गाडी सरहद्दीवर गेली, बाहेरून येणाऱ्यांवर गेली. बाहेरच्यांना आवरायलाच हवं, असं आजोबा म्हणाले आणि माझ्याकडे वळून, "तू नाही गं. तू शिकायला आलीयेस."

ते 'तू नाही' मला बोचलं. अजूनही बोचतं. आपल्याकडेही 'तसले लोक' म्हणून झाल्यावर समोरच्याला 'तुम्ही त्यांतले नाही हो' म्हणतात, ते आठवलं. पण माझ्या ताटात पायचा दुसरा तुकडाही त्यांनीच वाढला होता. या दोन्ही गोष्टींचा हिशेब मला लागलेला नाही, आणि सोयीचा तेवढा अर्धा हिशेब मला इथे लिहायचा नाही.

नात ताडकन उठून स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली. दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. मग आजोबा उठले, खांद्यावर फडकं टाकलं आणि तिच्या शेजारी उभे राहिले. ती घासतेय, ते पुसतायत. बोलणं शून्य. पण सगळी भांडी होईपर्यंत दोघंही हलले नाहीत.

आपल्या डेटावाल्यांसाठी सांगते, यावर खरंच संशोधन झालंय. २०१६ च्या निवडणुकीनंतर एक कोटीहून जास्त मोबाइलच्या लोकेशनवरून दोन संशोधकांनी हिशेब काढला, तो २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. विरुद्ध मतांच्या वस्त्यांतून आलेल्या लोकांची थँक्सगिव्हिंगची जेवणं ३० ते ५० मिनिटांनी आखूड झाली होती. त्या घरी त्या दिवशी भांडी घासण्यात गेलेला वेळ कुठल्या बाजूला धरायचा, कोण जाणे!

रात्री परत सोडताना आजोबांनी स्वतःहून लिंकनचा विषय काढला. हा सण देशभर एकाच दिवशी पाळावा असं लिंकनने जाहीर केलं ते १८६३ मध्ये, म्हणजे ऐन यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या लढाईला तीन महिने होत असताना. सारा जोसेफा हेल नावाच्या संपादक बाई त्यासाठी अनेक वर्षं पत्रं लिहीत होत्या. सगळं आलबेल होईपर्यंत थांबले असते तर सण झालाच नसता, असं आजोबा म्हणाले. पुढे १९३९ मध्ये रूझवेल्टने दुकानदारांच्या सोयीसाठी तारीख आठवडाभर अलीकडे आणली, तेव्हा निम्मी राज्यं एका गुरुवारी आणि निम्मी दुसऱ्या गुरुवारी जेवली! शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार ठरला. हे ऐकताना मला हसू आलं आणि मग येईना.

कारण आमच्या घरी गणपती दोन झालेत. गुहागरजवळ आमचं गाव. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, बाबा एका बाजूला आणि काका दुसऱ्या. आधी फॅमिली ग्रुपवर मेसेज, मग ग्रुपच दोन, आणि त्या वर्षीपासून काकांनी समोरच्या घरात वेगळी मूर्ती आणली. मधलं अंगण पंधरा पावलांचं. ते त्या तीन वर्षांत बाबांनी ओलांडलं नव्हतं.

अमेरिकेत त्या दिवशी जाताना मी रिकाम्या हाती कसं जायचं म्हणून शिरा केला होता. रवा मिळाला नाही, 'क्रीम ऑफ व्हीट' वापरलं, चांगलं जमतं. माझा स्टीलचा डबा आजींनी परत केला तो धुऊन, मॅश्ड पोटॅटो दाबून दाबून भरून. रिकामा डबा परत करत नाहीत हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

२०२५ च्या गणपतीत, २७ ऑगस्टला, मी तोच डबा घेतला. आईने काही न विचारता त्यात अकरा मोदक घातले. मी अंगण ओलांडून गेले. काका ओटीवर पेपर वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "काय गं, अमेरिकेत बारीक झालीस." काकूने डबा आत नेला. संध्याकाळी चुलतभाऊ तो घेऊन आला, नारळाच्या वड्यांनी भरलेला.

बाबांनी एक वडी तोंडात टाकली. "साखर जास्त झालीये," म्हणाले. आणि दुसरी उचलली.