उष्टी गाणी

शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, आणि तीही आधी दहा जणांनी गाऊन जुनी केलेली. असे गाणे पुन्हा गाण्यात कसला आला आहे पुरुषार्थ, असे आमचे फार दिवसांचे मत होते. अशा गाण्यांना आम्ही एक नावही देऊन ठेवले होते : 'उष्टी गाणी'. या नावाचा आम्हांस एके काळी मोठा अभिमान वाटे. आज ते आठवले की मान खाली जाते. आणि ती खाली घालावयास लावणारा गृहस्थ कोण म्हणाल, तर टेक्सासातला, दोन वेण्या घालणारा एक गवई!

गेल्या पावसाळ्यात टेक्सासात नोकरीस असलेला आमचा भाचा घरी आला, तो काखेत एक जुनी तबकडी घेऊन. "मामा, एवढी ऐकून पाहा," म्हणाला. तबकडीचे नाव 'स्टारडस्ट', साल १९७८. वेष्टनावर रात्रीचे आकाश आणि त्यात कृत्तिकांचा पुंजका रंगविलेला. आत गाणी दहा, आणि त्यांतले एकही गवयाने स्वतः रचलेले नाही! 'आली पुन्हा उष्टी गाणी', असे आम्ही मनात म्हटले. परंतु पाऊस थांबेना, बाहेर पडण्याची सोय नव्हती. म्हणून सुई ठेवली.

गवयाचे नाव विली नेल्सन. १९३३ साली ॲबट नावाच्या खेड्यात जन्मला, आजीआजोबांपाशी वाढला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांतून, कष्टकरी माणसांतून पुढे आलेले जे 'कंट्री' संगीत, त्यातला हा मनुष्य. स्वतः गाणी रचण्यात इतका वाकबगार, की त्याचे 'क्रेझी' हे गाणे पॅट्सी क्लाइन या गायिकेने १९६१ साली गाइले आणि ते घरोघर गेले. त्या दिवसांत नॅशव्हिलच्या बाजारात त्याच्या गाण्यांना मागणी होती, गळ्याला मात्र नव्हती. पुढे गळ्यालाही दिवस आले. आणि नेमक्या त्याच वेळी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, या गृहस्थाने आपले सारे बाजूस ठेवून इतरांची जुनी गाणी गावयास घेतली! तबकडी काढणारी मंडळी बिचकली यात नवल नाही. चालते दुकान बंद करून शेजाऱ्याच्या दुकानात कोणी बसतो काय?

पण ती गाणी कोणाची होती पाहा. 'स्टारडस्ट'ची चाल होगी कारमायकेलने १९२७ साली बांधली. तिला शब्द मिळाले दोन वर्षांनी, मिचेल पॅरिश याच्या लेखणीतून. 'ब्लू स्काइज' रचणारा अर्व्हिंग बर्लिन रशियातून लहानपणी आलेल्या ज्यू कुटुंबातला. 'सप्टेंबर साँग'ची चाल कुर्ट वाइलची. हिटलरचे राज्य येताच जर्मनी सोडून निघालेला हा संगीतकार अमेरिकेत आला आणि १९३८ साली एका नाटकासाठी त्याने ती बांधली. ही सारी शहरची गाणी, नाटकगृहांची व नाचघरांची. ती खेड्यातला गोरा गवई गाणार, आणि त्यांचा मेळ बसवून देणार मेंफिसचा कृष्णवर्णी वादक बुकर टी. जोन्स! ज्या देशात गोऱ्या-काळ्यांच्या शाळासुद्धा वर्षानुवर्षे वेगळ्या होत्या, तेथे एका तबकडीवर ही पंगत बसली.

आणि गातो कसा? गळा पहाडी नाही. किंचित नाकातला, कोरडा. गिटार वाजवून वाजवून तिच्या लाकडास भोक पडलेले. शब्द तालाच्या जरा मागे रेंगाळतात, मग हलकेच चार पावले टाकून त्याला गाठतात. ओसरीवर बसून कोणी झालेली हकीकत सांगावी, तसे ते गाणे आहे. 'जॉर्जिया ऑन माय माइंड' हे गीत रे चार्ल्सने १९६० साली असे गाइले होते, की त्यानंतर दुसऱ्याने त्याला हात लावणे हे धाडसच. नेल्सन त्याच्याशी झुंजत नाही. तो जणू म्हणतो, 'त्याने सांगितले ते खरेच; आता माझ्यावर काय गुदरले, तेही ऐका.' लोकांनी ऐकले. कंट्री गाण्यांच्या यादीत ही तबकडी सुमारे दहा वर्षे टिकून राहिली.

सारे जग व्यासांचे उच्छिष्ट आहे असे आपले पंडित सांगत आले. अठराव्या शतकातल्या सदारंगाच्या बंदिशी आज कितीजण गातात. त्यांना कोणी उष्ट्या म्हणत नाही. हे आम्हांस ठाऊक नव्हते काय? होते. मोठ्या गवयांच्या बाबतीत आम्ही ते मानीतही होतो. मानले नाही ते फक्त स्वतःच्या घरात.

तबकडी संपत आली तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, हा पियानो वाजवणारी त्याची थोरली बहीण, बॉबी. लहानपणापासून दोघे एकत्र वाजवायची." तो सहज बोलला. आम्हांस मात्र पुढचे गाणे ऐकू आले नाही.

आमची थोरली बहीण, म्हणजे या भाच्याची आई, संध्याकाळी पेटी काढून बसे. नाट्यपदे, अभंग, रेडिओवरून उचललेली भावगीते. गळा गोड, हात हलका. कॉलेजात जाऊन शहाणे झालेले आम्ही एकदा चार पाहुण्यांदेखत म्हणालो, "अक्का, सारी उष्टी गाणी! तुझे स्वतःचे असे यात काय आहे?" ती हसली. पेटी मिटली. त्यानंतर पाहुण्यांपुढे ती कधी गाइली नाही, आणि आम्ही कधी कारण विचारले नाही. कारण ते आम्हांस ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी तबकडी घेऊन अक्काकडे गेलो. गाण्यांचे इंग्रजी तिला नीटसे कळले नाही. पियानो मात्र ती डोळे मिटून ऐकत होती. "हिचा हात छान आहे रे. भावाच्या पुढे पुढे करत नाही," ती म्हणाली.

"अक्का, तू गा ना काहीतरी."

"पेटीचा भाता फाटलाय. आणि गाऊ कुणाचं? माझं स्वतःचं तर काहीच नाही."

म्हणजे तिलाही तो शब्द न् शब्द आठवत होता! क्षमा मागावी असे फार मनात आले; पण इतक्या वर्षांची शिळी क्षमा ओठांवर येईना. पेटी उचलली आणि दुरुस्तीस नेऊन टाकली. दुकानदाराने पंधरा दिवसांचा वायदा केला आहे. आम्ही दिवस मोजीत आहोत.