काळा चिरूट

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें परवां अमेरिकेहून येतांना आमच्यासाठीं चिरूट आणिला. एकच, डॉक्टरांची आज्ञा त्याला ठाऊक असावी. चिरूट निकाराग्वांतील एस्तेली गांवीं वळलेला, वरचें पान मेक्सिकोंतील सान आंद्रेसचें, जवळजवळ काळें. तें पाहूनच सौभाग्यवतींनीं निकाल दिला, “ओढायचाच असेल तर मागच्या ओसरीवर.”

त्या रंगानें आम्हीहि प्रथम दचकलों होतों. रंग गडद तितका माल कडक, ही समजूत सार्वत्रिक आहे, आणि चुकीची आहे. चिरुटाचे भाग तीन: आंतलें भरण, तें आवळून धरणारें बांधणीचें पान, आणि वरचें वेष्टन. कडकपणा येतो तो मुख्यत्वें भरणांतून. त्यांतहि झाडाच्या शेंड्याकडच्या, ऊन खाल्लेल्या जाड पानांतून. हीं पानें सावकाश जळतात, म्हणून वळणारा तीं मधोमध घालतो. आमच्या मध्यम चिरुटांत त्यांचें प्रमाण बेताचेंच असावें. वेष्टनाच्या काळेपणाचें कारण निराळें. वाळलेल्या पानांच्या थोरल्या राशी रचितात. ओलावा आणि दाब यांमुळें रास आंतून तापते. ती उलथून पुन्हां रचितात, आणि असें महिनोन्‌महिने चालतें. त्यांत अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो, पान काळवंडतें आणि मवाळ होतें. स्पॅनिश भाषेंत अशा पानाला ‘मादुरो’ म्हणतात, म्हणजे पिकलेलें. पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास हा शब्द आवडावा यांत नवल नाहीं.

चिरूट बोटांनीं दाबून पाहिला. कोठें पोकळ नाहीं, कोठें गांठ नाहीं. मग नाकाशीं धरला, आणि थबकलों. मुरलेल्या पानाचा तो दमट, गोडसर वास आमच्या ओळखीचा होता. तो नानांच्या चंचीचा वास!

आमचे वडील निपाणीकडची तंबाखू खात. पान चुरून, हुंगून, मगच घेत. आम्ही नुकतेच कॉलेजांत लागलों होतों. एक परदेशी प्राध्यापक घरीं चहाला आले असतां नानांनीं मोठ्या अगत्यानें त्यांच्यापुढें चंची उघडली. “नाना, तें आंत ठेवा,” आम्ही घाईनें म्हणालों. त्यांनीं ठेविली. पुढें पाहुण्यांनीं खिशांतून चिरूट काढला, तेव्हां रक्षापात्र आणावयास आम्हीच धांवलों. त्या दिवसानंतर आमच्याकडे कोणी आलें कीं नाना आपण होऊन मागच्या ओसरीवर जाऊन बसत. मरेपर्यंत त्यांनीं हा नेम मोडला नाहीं, आणि आम्हींहि तो मोडण्याचा आग्रह कधीं धरिला नाहीं.

संध्याकाळीं आम्ही ओसरीवर गेलों. टोक कापून चिरूट पेटविला. आरंभीं जिभेवर मिऱ्यांची चुणचुण, मग बिनसाखरेच्या कोकोचा तुरटपणा. अर्ध्यावर येईतों भाजलेली कॉफी आणि काळ्या मनुकांची ओझरती गोडी. धूर दाट, पण घशाला कोठें लागला नाहीं. जळण्याची कड सरळ, आणि राख बोटाच्या पेराएवढी झाली तरी गळेना. वळणाऱ्याचा हात उत्तम होता. निम्म्यावर आम्हीं तो खालीं ठेविला. चिरूट चिरडावयाचा नसतो, आपोआप विझतो.

नाना टेकून बसत तेथें भिंतीवर डोक्याच्या तेलाचा डाग आहे. मागें घर रंगविलें तेव्हां तोहि पुसून घ्यावयास आम्हींच सांगितलें होतें. तो पुन्हां वर आला आहे.