खारदांड्यात घर शोधताना

डिसेंबरातल्या एका सकाळी खार स्थानकाच्या पश्चिमेला उतरलो आणि दांड्याकडे पायी निघालो. तिथल्या कोळीवाड्यात एक जुनं घर विकायचं आहे असं कळलं होतं. जिथे राहायचं, तिथवरची वाट आधी पायांखालून जावी, म्हणून रिक्षा केली नाही.

एस. व्ही. रोड ओलांडला, मग लिंकिंग रोड. इथलं खार आखीव आहे. 1924 साली स्थानक झालं, त्याच सुमारास प्लॉट पाडले गेले आणि रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक मिळाले. दांडा जवळ आला तशी ही आखणी संपली. रस्ता वळला, अरुंद झाला, घरांचे ओटे गल्लीला भिडले. दांडा या आखणीच्या फार आधीचा आहे. साष्टी बेटाचा हा पश्चिम किनारा. 1534च्या वसईच्या तहाने साष्टी गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेली. 1737 मध्ये मराठ्यांनी ती जिंकली आणि 1774च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्यासह ती घेतली. जवळच्या चुईम गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरं आणि क्रूस दिसतात, दांड्यात हिंदू कोळ्यांची देवळं. इतका इतिहास एवढ्याशा चालीत भेटतो.

घर एकमजली होतं. बाहेरून जिना, पुढे ओटा, वरच्या खिडकीतून समुद्राचा वारा. मनात भरलं. मग कागद मागितले. दलालाने वीजबिल आणि मालमत्ता कराची पावती पुढे केली. दोन्हींवरून वापर आणि भरणा कळतो, मालकी सिद्ध होत नाही. गावठाणात सातबाऱ्यापेक्षा सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड महत्त्वाचं. ते पाहिलं तर त्यावर अजून विकणाऱ्याच्या आजोबांचंच नाव होतं. म्हणजे मुलगे, मुली, नातवंडं अशा सगळ्या वारसांची संमती हवी, नोंदी अद्ययावत व्हायला हव्यात, वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च हवा. त्यानंतरच नोंदणीकृत खरेदीखत. मुद्रांक शुल्क सहा टक्के आणि तीस हजारांपर्यंतची नोंदणी फी त्यापुढची गोष्ट. शिवाय किनारा लागूनच असल्याने किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम तपासायचे. वर आणखी मजला चढवू, हे गृहीत धरता येत नाही.

तिथून किनाऱ्यावर गेलो. होड्या ओढून ठेवल्या होत्या, सावलीत जाळी विणली जात होती, बांबूंवर बांधलेल्या दोऱ्यांना बोंबील वाळत होते. तिथे बसलेल्या एका कोळीण मावशींशी बोललो. त्यांनी सांगितलं, बाहेरून राहायला येणारे आधी वासाची तक्रार करतात, मग गाडी लावायला वाळवणाच्याच जागेवर नजर जाते. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत घराला आधार असतो तो या सुक्या मासळीचा.

त्यांच्या बोलण्याने घराकडे पाहण्याची माझी रीत बदलली. ओट्याला मालक असतो, म्हणून त्याची किंमत ठरते. वाळवणाचं मैदान, होड्या ओढायची वाट, जाळी पसरायची जागा सगळ्यांची असते. तिथे कोणा एकट्याचं नाव नसतं, म्हणून अतिक्रमण सर्वांत आधी तिथेच होतं. आणि ती जागा गेली की मासेमारी जाते. मग उरतात नुसत्या जुन्या भिंती, ज्यांना जाहिरातीत वारसा म्हटलं जातं.

परतताना दलालाला सांगितलं, सगळे वारस एकत्र बसून सही करणार असतील तरच पुढे बोलू. स्वतःसाठीही एक अट घातली. इथे घर घेतलं तर बोंबलाचा वास मान्य, भल्या पहाटेची लगबग मान्य, आणि वाळवणाच्या जागेवर कुणी कुंपण घालू लागलं तर कोळ्यांच्या बाजूने उभं राहायचं. ज्याला हे जमणार नाही, त्याने क्रमांकांच्या रस्त्यावरच फ्लॅट पाहावा. दांड्यातलं घर घ्यायचं, तर दांडा जगवण्याचं कर्तव्यही घ्यावं लागतं.