काटा मध्यावर येतो तेव्हा

अॅम्प्लिफायरच्या दर्शनी अंगावर एक जाड कळ असते आणि तिच्याभोवती नावं कोरलेली असतात : फोनो, टेप, सीडी, ऑक्स, ट्यूनर. घरात गाणं ऐकण्यासाठी हौसेनं यंत्रणा जमवलेल्या कुणाही माणसाकडे जा. तबकडीची सुई कुठली, स्पीकरची जागा भिंतीपासून किती लांब, यावर तो तासभर बोलेल. कळ ट्यूनरवर मात्र सहसा वळलेली दिसत नाही. रेडिओ म्हटला की तो स्वयंपाकघरातल्या फळीवरचा किंवा गाडीतला, कानावर पडून जाणारा. घरातले सगळ्यांत चांगले स्पीकर त्याच्यासाठी खर्ची घालावेत असं फारसं कुणाला वाटत नाही. मला मात्र तसं मनापासून वाटतं. मी आयुष्यात जे गाणं ऐकलं त्यातलं निम्म्याहून जास्त रेडिओनं दिलं, आणि त्यातलं उत्तमातलं उत्तम मी त्या जाड कळीच्या शेवटच्या नावावरून ऐकलं आहे.

रेडिओच्या आवाजाविषयीचा आपला समज मध्यम लहरींनी घडवला. आपल्याकडे मध्यम लहरींवर शेजारशेजारच्या दोन केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचं अंतर असतं. त्या चिंचोळ्या जागेत फार तर साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचं बोलणं आणि गाण्याचे शब्द तेवढ्यात नीट बसतात. त्याच्या वरचं सगळं गळून पडतं : तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी, सारंगीवर गज वळतानाची खसखस, तबल्याच्या किनारीवरचा लखलखीत ‘ना’. आमच्या आधीच्या पिढीचे कान याच आवाजावर तयार झाले. 1955 सालच्या 1 एप्रिलला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि माडगूळकर-फडक्यांची छप्पन्न गीतं आठवड्याला एक अशी वर्षभर घरोघर पोहोचली, ती याच लहरींवरून. लाकडी पेटीतला तो ऊबदार, गोल आवाज अनेकांच्या मनात त्या गाण्यांशी कायमचा जोडला गेला आहे. तो आवाज अपुरा होता, तरी त्यानं आणलेलं गाणं पुरतं पोहोचलं. शब्द आणि सूर मधल्या पट्टीत राहतात, हे त्याचं कारण.

एफएम मात्र जन्माला आलं तेच शांततेसाठी. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्यानं 1933 मध्ये त्याची पेटंटं मिळवली आणि 1935 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या भरल्या सभेत ते ऐकवून दाखवलं. संगीत तर त्यानं ऐकवलंच, पण प्रक्षेपणाच्या जागी पेल्यात पाणी ओतलं, कागद चुरगाळला, तेही ऐकवलं. तोवरच्या रेडिओवर कागद आणि पाणी दोन्ही नुसती खरखर झाली असती. इथे पाणी पाण्यासारखं ऐकू आलं. या माणसाच्या वाट्याला पुढे वर्षानुवर्षांची कोर्टबाजी आली आणि 1954 च्या जानेवारीत त्यानं जीव दिला. उरलेले खटले त्याच्या पत्नीनं, मेरियननं, चालवले आणि जिंकले. शेवटचा निकाल लागायला 1967 साल उजाडलं. ट्यूनर लावताना मला हे जोडपं अनेकदा आठवतं. आपल्याकडे पहिलं एफएम प्रक्षेपण 23 जुलै 1977 रोजी मद्रासहून झालं आणि महाराष्ट्रात ते रुळायला आणखी काळ गेला. पण आलं तेव्हा पंधरा किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज आणि स्टिरिओची सोय घेऊन आलं. पंधराच्या वर काही नाही म्हणून नाकं मुरडणारे लोक मला भेटतात. मध्यमवयीन माणसाच्या कानाला त्याच्या वरचं क्वचितच काही ऐकू येतं, आणि तंबोऱ्याचं जे सौंदर्य आपल्याला कळतं ते सगळं त्याच्या खालीच आहे.

माझा ट्यूनर लॅमिंग्टन रोडवरचा, जुन्या सामानातून निवडलेला. काउंटरवरच्या मुलानं तो पुसून पुढे ठेवला आणि विचारलं, “काका, याच्यावर फक्त रेडिओच लागतो, माहितीये ना?” मला तेच हवं होतं. चेहऱ्यावर हिरवट प्रकाशाची लांब पट्टी, तिच्यावर 88 ते 108 आकडे, आणि एक जड कळ. बोटांनी झटका दिला की आतल्या चाकाच्या वजनानं ती पुढे फिरत राहते आणि काटा पट्टीवरून सरकत जातो. शेजारी दोन छोटी घड्याळं. एकात स्टेशन किती जोरात येतंय ते कळतं. दुसऱ्यातला काटा बरोब्बर मध्यावर आला की आपण स्टेशनच्या नेमक्या जागी आहोत असं समजायचं. तो केसभर डावीउजवीकडे असला तरी गाणं लागतंच, फक्त ‘स’ आणि ‘श’ फाटतात. आपोआप स्टेशन शोधणारी यंत्रं आली तशी ही हाताची सवय गेली.

पण खरा खेळ अँटेनाचा. पुष्कळ लोक ट्यूनरच्या मागे हातभर वायर लोंबती सोडतात आणि आवाज वाईट म्हणून रेडिओला दोष देतात. चपट्या दुहेरी वायरीचा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा, आडवा हात साधारण दीड मीटरचा असा एक साधा अँटेना मिळतो. तो चिटकवायची जागा शोधण्यात मी कित्येक रविवार आनंदानं घालवले आहेत. मुंबईत प्रक्षेपण एकाच वाटेनं घरात येत नाही. समोरच्या इमारतीवर आपटून, मागच्या टॉवरवरून परतून, किंचित उशिरानं आणखी दोन-तीन वाटांनी येतं. या वाटा एकमेकींत मिसळल्या की आवाजाला एक किरकिरी धार येते, आणि ती लताबाईंच्या वरच्या सुरावर सगळ्यांत आधी कळते. वायर पडद्याच्या दांडीवरून वीतभर उजवीकडे सरकवली की ती धार एकदम विरते. पलीकडच्या प्लॉटवर मजले चढत गेले तशी माझी वायर हॉलमधून निजायच्या खोलीच्या खिडकीशी आली. ओले कपडे वाळत घालायच्या स्टँडचंही तिच्याशी वाकडं आहे, म्हणून तो आता स्वयंपाकघराच्या बाल्कनीत असतो.

आणि ते मोनोचं बटण. जुन्या ट्यूनरवर ते हमखास असतं आणि त्याची किंमत फार थोड्यांना कळते. स्टिरिओसाठी डाव्या-उजव्या बाजूंमधल्या फरकाचा संदेश 38 किलोहर्ट्झच्या आसपास बसवलेला असतो, आणि एफएममध्ये जितकं वर जावं तितकी खरखर वाढते. त्यामुळे जरा दुबळं स्टेशन स्टिरिओत फसफसतं. जुनं गाणं मुळात मोनोच असतं, त्याला दोन बाजू नाहीतच. अशा वेळी बटण दाबायचं. फसफस गळून पडते आणि गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, भिंतीच्या जरा पुढे, येऊन बसतो.

तसा बसलेला गायक ऐकायचा. समजा त्याचा सूर काळी एक आहे. मधला षड्ज 138 हर्ट्झच्या आसपास, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 च्या आसपास. ट्रान्झिस्टरच्या तीन इंची स्पीकरला हा खर्ज उचलताच येत नाही. तिथे तंबोरा म्हणजे दूरवर चाललेली एक गुणगुण. मोठ्या स्पीकरांवर तार छेडल्याचा हलका स्पर्श आधी येतो, मग सूर उमलतो, आणि घोडीवरच्या दोऱ्यानं नीट लावलेली जवारी असेल तर खर्जाच्या पोटातून गंधार वर येतो. तो तारेवर कुणी वाजवलेला नसतो, तारेतच असतो. गायक पहिला षड्ज लावतो तो या सगळ्याच्या आत जाऊन. रेकॉर्डवर आणि सीडीवरही हे मिळतं. पण अर्ध्या तासाच्या आकाशवाणीच्या मैफलीत पहिली मिनिट-दोन मिनिटं गायक आणि तंबोरा यांचंच जे बोलणं चालतं, ते मला इतर कुठल्याच साधनातून इतकं जवळून मिळालेलं नाही. स्टुडिओ शांत, श्रोते समोर नाहीत, दाद यायची नाही. गाणारा स्वतःशी गातो.

त्या अर्ध्या तासाविषयी थोडं. मैफलीत तासभर मांडायचा राग स्टुडिओतल्या घड्याळाकडे बघत मांडायचा, हा अन्याय आहे असं म्हणणारे गायक होतेच. मला मात्र त्या शिस्तीतून आलेलं काही गाणं विलक्षण वाटतं. बढत थोडकी, पण एकही स्वरवाक्य वाया गेलेलं नाही. विलंबित ख्याल संपवून द्रुतावर जायची नेमकी घडी साधलेली. ज्यांना ऐसपैस गाणं हवं त्यांच्यासाठी 1952 पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम होता, शनिवारी रात्री साडेनऊला दीड तास. 1954 पासून आकाशवाणी संगीत संमेलनं सुरू झाली, गावोगावच्या सभागृहांत निमंत्रित श्रोत्यांसमोर. त्यांची ध्वनिमुद्रणं अजून अधूनमधून लागतात आणि त्यात सभागृहाची पोकळी, एखादी खोकल्याची उबळ, समेवर उमटलेला हुंकार, सारं चांगल्या यंत्रणेवर ऐकू येतं.

जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पेटी नाही. 1940 मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमला बंदी केली आणि ती सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत टिकली. पेटीवाल्या कलाकारांचं त्यात फार नुकसान झालं आणि ते व्हायला नको होतं, असंच माझं मत आहे. पण त्या तीस वर्षांत रेडिओसाठी गाणाऱ्याच्या मागे बहुधा सारंगी असे. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर तिचं असणं नुसतं जाणवायचं. मोठ्या स्पीकरांवर कळतं की ती गायकाच्या मागून अर्ध्या श्वासाच्या अंतरानं येते आहे, मींड संपता संपता तिच्या तरफेच्या तारा आपण होऊन गुंजतात, आणि गायक थांबतो त्या क्षणी खोलीत त्याच्या सुराचा उरलेला भाग सारंगीच पुरा करते. ही सगळी दौलत आकाशवाणीच्या कपाटांत आहे.

आवडीचं गाणं हवं तेव्हा बोटानं लावता येतं, मग रेडिओ कशाला, असं मुलं विचारतात. मी त्यांना सकाळी साडेसातला विविधभारतीवरची संगीत सरिता ऐकायला बसवतो. एक राग, त्याची चार वाक्यांत ओळख, त्या रागावरचं एक चित्रपटगीत आणि मग थोडं गायन किंवा वादन. इतक्या कमी वेळात रागाचा चेहरा दाखवायचं हे काम फार कसबाचं आहे. स्वतःहून मी कधी लावला नसता असा राग तिथे भेटतो. रात्री दहाला छायागीत, त्यात निवेदक आपल्या पसंतीची गाणी निवडतो आणि त्यांच्यामधून बोलण्याचा धागा ओवतो. 1957 च्या 3 ऑक्टोबरला विविधभारती सुरू झाली ती मुळात रेडिओ सिलोनकडे गेलेले श्रोते परत आणायला. आज सिलोनच्या लघुलहरींची ओढ नाही, पण कुणीतरी विचार करून निवडलेलं गाणं ठरल्या वेळी येतं, ते मागे नेता येत नाही आणि पुढे ढकलता येत नाही, म्हणून आपण त्या वेळी खुर्चीत असतो. हातात मोबाइल नसतो. चांगल्या यंत्रणेला यापेक्षा जास्त काय हवं? तिच्यासमोर बसून ऐकणारा माणूसच हवा असतो.

निवेदकांचा एक मोठा गुण मला सांगितल्यावाचून राहवत नाही. गाणं संपलं की ते नावं सांगतात. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, कधी तंबोऱ्यावर कोण. मोबाइलवरच्या यादीत गायकाचं नाव आणि चित्र असतं, साथीदार कुठेच नसतात. तबल्याची कितीतरी माणसं मला केवळ या घोषणांमुळे ठाऊक झाली, आणि मग त्यांचा ठेका मी आवाजावरून ओळखायला शिकलो.

बऱ्याच खासगी केंद्रांवर मात्र कळ वळवली की चांगल्या स्पीकरांचं काही चालत नाही. गर्दीत, गाडीत, कुठेही ऐकू जावं म्हणून आवाज यंत्रातून दाबून एकसारखा उंच केलेला असतो. आलापाची कुजबुज आणि तानेचा जोर एकाच पातळीवर येतात. जितकी यंत्रणा उत्तम तितकं हे जास्त टोचतं. आणि जिथे आवाज मोकळा सोडतात त्या आकाशवाणीकडे पाहावं, तर मुंबई-पुण्याच्या मूळ वाहिन्या, ज्यांच्यावर शास्त्रीय संगीताचा खरा साठा वाजतो, त्या वर्षानुवर्षं मध्यम लहरींवरच राहिल्या. 26 जानेवारी 2016 पासून बंगळूरूहून ‘रागम्’ ही चोवीस तासांची शास्त्रीय वाहिनी चालू झाली, तेव्हा मी डीटीएचच्या डब्याच्या मागून लाल-पांढरी वायर काढून अॅम्प्लिफायरच्या ऑक्सला जोडली. टीव्ही बंद, आवाज चालू. हिंदुस्थानी तर मिळालंच, पण कर्नाटक संगीताकडे माझं लक्ष तिनंच वळवलं. वीणेवरची एक संपूर्ण तोडी ऐकून मी त्या दिवशी जेवण उशिरा केलं.

तरी मला ते एफएमवर हवं आहे. मुंबईत, पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात, रोज रात्री दोन तास, स्टिरिओ, न दाबलेला आवाज, कपाटातल्या त्या सारंग्या आणि आजच्या तरुण गायकांच्या नव्या मैफली, आणि शेवटी साथीदारांची नावं. ट्रान्समीटर उभे आहेत, टेपा आहेत, निवेदक आहेत. श्रोत्यानं आपल्या बाजूनं दीड मीटरची वायर खिडकीशी लावावी, आणि केंद्राला एक पोस्टकार्ड टाकावं. माझी कार्डं जात असतात.