दोन कंटूरच्या मधे

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी नकाशावर एका कंटूर रेघेपासून दुसरीपर्यंत उंचीचा फरक 20 मीटरचा असतो. 20 मीटर म्हणजे सहा-सात मजले. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला त्या दोन तपकिरी रेघांच्या मधे अख्खी वाडी मावते: घरं, गोठे, खळी, भाताची खाचरं, वरच्या अंगाला राखलेली झाडी. नकाशावर तिथे चार-दोन लाल ठिपके दिसतात, बाकी कोरं. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही ‘साइट’ म्हणून देतो ती ही कोरी जागा. आणि कागद सपाट असतो म्हणून मुलं तिच्यावर सपाटच काहीतरी काढून आणतात.

यंदाचा विषय हिरड्याचा होता. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातल्या महादेव कोळी घरांना भात सोडला तर रोख पैसा दाखवणारं हे फळ, आणि ते पेरावं लागत नाही. कोवळं असतानाच उतरवायचं आणि उन्हात टाकायचं. हिरवं फळ बघता बघता सुरकुततं, आक्रसतं, काळं पडतं. मग तो बाळहिरडा. औषधाला जातो, कातडं कमवायला जातो. उन्हाळ्यात अंगणं, खळी, डांबरी सडकेची कडसुद्धा हिरड्याने भरलेली असते, आणि एखाद्या दुपारी वळीव येतो. भिजलेल्या मालाला बुरशी धरली की व्यापारी पोत्यात हात घालतो, वास घेतो आणि भाव पाडतो. तेव्हा हिरडा वाळवायची, साठवायची आणि तोलून विकायची एक जागा काढा, असं आम्ही सांगितलं होतं.

एका मुलीचं काम मी सत्रभर जवळून पाहिलं. नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात ती पंचकोनी प्लॅन घेऊन आली.

“कॉन्सेप्ट काय?”

“मॅडम, वाळलेल्या हिरड्याला पाच धारा असतात.”

खरंच असतात. पण फळाच्या आकाराची इमारत दरवर्षी एक तरी निघतेच. कधी शंख, कधी पान, अलीकडे मधमाश्यांचं पोळं फार जोरात आहे. या ‘कॉन्सेप्ट’ नावाच्या प्रकरणाने स्टुडिओचं बरंच नुकसान केलं आहे, असं माझं मत आहे. मुलाला वाटतं, आधी एक कल्पना सुचली पाहिजे, ती चमकदार पाहिजे, मग तिच्यामागून भिंती येतील. सुचेपर्यंत तो पिंटरेस्टवर बसून राहतो. बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, मुंबईत जे.जे.त शिकले, हा अभिमान आमच्या मुलांना असतो, आणि असावाच. पण त्यांच्या अहमदाबादेतल्या ‘संगाथ’चे अर्धनळीसारखे गोल माथे तेवढे उचलले जातात. ती इमारत अर्धी जमिनीत का गेली, माथ्यावरचं पाणी कुठल्या पन्हाळीने कुठे नेलं, हे फोटोत दिसत नाही. सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदात, दिसतं.

पंचकोनाला मी हो म्हटलं नाही आणि नाहीही. साइटवर जाईपर्यंत असे आकार आपोआप टिकतात किंवा जातात.

घोडेगाव सोडून पश्चिमेला निघालं की डिंभ्याचं धरण लागतं. ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गाव याच पाण्याखाली आहे. कचेऱ्या घोडेगावात, बाजार मंचरला, आणि नावाचं गाव तळाशी. मुलं बसच्या खिडकीतून फोटो काढतात. पुढे घाट, वळणं, आणि मग ती वाडी.

ज्या घराच्या अंगणात आम्ही टेकलो तिथली आजी हिरड्याचा थर पायानेच उलटापालटा करत होती. पंचकोनाचं चित्र तिने नीट पाहिलं. हसली नाही.

“पाच बाजू असूंदेत पोरी. पर वरच्या अंगाचं पानी कंच्या बाजूनं सोडशील?”

मुलीने प्लॅनकडे पाहिलं. प्लॅनमध्ये वरचं अंग नव्हतंच.

मग गावातल्या गवंड्याने पाण्याची नळी काढली. पारदर्शक प्लॅस्टिकची, बोटभर जाडीची. लेव्हल बघायची ही जुनी पद्धत कॉलेजातल्या यंत्राइतकीच खरी आहे, आणि तिला ट्रायपॉड लागत नाही. नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहिला तर माप चुकतं म्हणून ती झटकत झटकत सगळी हवा काढायची, दोन्ही तोंडांवर अंगठे. एक टोक वरच्या दगडाशी गवंड्याने धरलं, दुसरं घेऊन मुलगी उतारावरून खाली गेली. “सोडा अंगठा.” पाणी दोन्हीकडे डुचमळलं आणि थांबलं. तिच्या बाजूला ते थांबलं तिच्या डोक्याच्या वर, हात उंच करून धरलेल्या टोकाशी. तिथून तिने काठी लावून खालपर्यंत मोजलं. त्याच पट्ट्यात आणखी खाली तीच कसरत. तिच्या पंचकोनाला लागत होते 12 मीटर. तेवढ्या अंतरात जमीन जवळजवळ तीन मीटर उतरली होती. म्हणजे एक कोपरा डोंगराच्या पोटात आणि समोरचा एक मजला हवेत.

यावरचं स्टुडिओतलं सोपं उत्तर म्हणजे ‘कट अँड फिल’. वरून कापायचं, निघालेली माती खाली लोटायची, सपाट चौथरा तयार. कागदावर दोन त्रिकोण बरोबरीचे येतात आणि मुलांना फार बरं वाटतं. ज्या तालुक्यात आम्ही उभे होतो तिथे हे बरं वाटणं परवडणारं नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी इथून फार दूर नसलेलं माळीण डोंगराखाली गेलं. 151 माणसं गेली. बाहेरच्या जगाला पत्ता लागला तो एसटीच्या चालकामुळे, त्याला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही. पाऊस तर होताच. पण उतारावर यंत्रं लावून केलेलं सपाटीकरण, मुरलेलं पाणी, तुटलेली झाडी यांवरही तेव्हा पुष्कळ वाद झाला. वाचलेल्यांसाठी आमडे इथे नवं गाव वसवलं, 2017 च्या एप्रिलमध्ये घरं ताब्यात दिली, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते खचल्याच्या, भिंतींना तडे गेल्याच्या बातम्या आल्या. भरावाला बसायला वेळ लागतो. त्याने पावसाळे बघावे लागतात. प्लॅनमध्ये कापलेली जमीन आणि भरलेली जमीन एकाच रंगाची दिसते, म्हणून या डोंगरात प्लॅनवर विश्वास ठेवू नये असं मी वर्गात सांगते, आणि दरवर्षी कुणीतरी वहीत ते नुसतं लिहून घेतं.

ती मुलगी मात्र आजीच्या घराचा सेक्शन काढत बसली. मोजपट्टी, बटर पेपरचा तुकडा, गुडघ्यावर पॅड. घर कंटूरच्या बाजूने लांबट, रुंदीला अगदी कमी, म्हणजे डोंगर कापायची गरजच थोडकी. गोठा खालच्या पायरीला, माजघर वरच्या. दोन्हींत हातभर फरक, आणि शेणमुताचं पाणी परस्पर खाचराकडे. मागे दगडाचा ताल, चुना-सिमेंटशिवाय नुसता रचलेला. पाणी त्याच्या फटींतून निघून जातं, मागे तुंबून रेटत नाही. तालामागे चर. पावसाच्या बाजूची वळचण इतकी खाली की वाकूनच जावं लागतं. लावणीत ओणव्या बाईच्या पाठीवर इरलं असावं तसं ते छप्पर घराच्या पाठीवर आलेलं. भिंतीचा एक भाग अजून कारवीच्या कुडाचा, मातीने लिंपलेला, उरलेला विटांचा. वर पत्रा.

पत्र्याने तिची निराशा झाली. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक मुलाची होते. त्याला कौलं हवी असतात. आजीला विचारलं तर म्हणाली, वानरं ठेवत नाहीत. वानरांनी फोडलेली कौलं दर पावसाळ्याआधी कोण शाकारणार? पोरं तर चाकणला कामाला. मला यात आजीची बाजू पूर्ण पटते. शहरातल्या माणसाला गावाने आपल्यासाठी सुंदर राहावं असं वाटतं, आणि शाकारणी मात्र गावानेच करावी असंही वाटतं.

परतताना जुन्नरची लेणी. ही वाट आम्ही ठरवून घेतो. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत जितकी लेणी कोरलेली आहेत तितकी देशात दुसऱ्या कुठल्या एका गावाभोवती नाहीत, पण शिवनेरीवर जाणारी गर्दी तिकडे फारशी वळत नाही. लेण्याद्रीवर लोक गिरिजात्मजाच्या दर्शनाला चढतात ते मुळात बौद्ध विहार आहे: मोठं दालन, मधे एकही खांब नाही, तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या. शेजारच्या चैत्यगृहावरचा लेख सांगतो की ते कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिलं. नाणेघाटाच्या वाटेने चालणाऱ्या व्यापाराचा पैसा इथे दगडात गेला. मुलं खांबांवरचे प्राणी काढतात. मी त्यांना मानमोडीच्या डोंगरात, अर्धवट राहिलेल्या लेण्यांकडे नेते.

पुऱ्या झालेल्या लेण्यात काम कसं झालं हे पुसलं गेलेलं असतं. अर्धवटात ते जिथल्या तिथे आहे. छत घासूनपुसून तयार आणि पायाखाली अजून ओबडधोबड खडक, कारण काम वरून खाली येत असे. आधी छत कोरायचं, मग त्याखालचा दगड उतरवत यायचं. उभं राहायला परांची लागत नाही, न काढलेला खडकच परांची. छिन्नीचे तिरके घाव रांगेने दिसतात. बेसाल्टच्या दोन थरांच्या मधे कुठे तांबडा मऊ पट्टा आडवा येतो, आणि तिथे हिशेब बदलावा लागतो. या कारागिरांना खोडरबर नव्हतं, ‘अन्डू’ नव्हतं. एकदा काढलेला दगड परत बसत नाही. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्लॅनच्या आधी सेक्शन असणार, यात मला शंका नाही.

नारायणगावच्या पुढे हायवेवर येण्याआधी खोडदच्या अँटेना दिसल्या. 45 मीटर व्यासाच्या, एकूण 30. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली ही रेडिओ दुर्बीण. एवढी मोठी ताटली भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याला तोंड द्यायला प्रचंड लोखंड लागलं असतं. त्यांनी तारेचे दोर ताणले आणि त्यांवर बारीक तारांची जाळी बसवली. रेडिओलहरींना ती आरसा, वाऱ्याला ती उघडी. मुलगी बराच वेळ काचेला नाक लावून होती. मग म्हणाली, “मॅडम, हिरड्यालाही खालून वारा लागतो.”

पुढचे काही आठवडे सांगण्यासारखे नाहीत. रात्रीचं जागरण, संपलेला फेव्हिकॉल, माउंटबोर्डचे थर कापताना कापलेलं बोट, सबमिशनच्या आधी बंद पडलेला प्लॉटर. पंचकोन कधी गेला हे तिलाही सांगता आलं नसतं. एक दिवस टेबलावर फक्त सेक्शन होते, एकावर एक बटर पेपर, आणि त्यांतल्या एकावर तिने पहिल्यांदा इमारत न काढता हिरड्याची वाट काढली होती. हिरडा येतो रानातून, म्हणजे वरून, डोक्यावरच्या पाटीत. जातो सडकेवरच्या टेम्पोत, म्हणजे खाली. मधला सगळा उतार बाया पोती पाठीवर घेऊन उतरतात. तिने वरच्या पायरीला वाळवण घातलं: जाळीच्या चौकटी, रुळांवर सरकणाऱ्या, वळीव दिसला की ढकलून छपराखाली. वाळलेला माल तिथूनच एका घसरणीने खालच्या पायरीच्या कोठीत. कोठीच्या तोंडाशी काटा, काट्याला लागून सडक. इमारत चार मीटर रुंद, कंटूरच्या बाजूने लांब, मागे कोरडा ताल आणि चर, वर पत्रा. माती जवळजवळ हललीच नव्हती.

ज्युरीला बाहेरून दोघे आले होते. एकांना पत्रा खटकला.

“सडकेवरून बघितलं तर काय दिसतं?”

“पत्रा, सर.”

“इथे कौलं का नाहीत? आवाज किती होईल पावसात?”

“हिरड्याला झोपायचं नाहीये, सर.”

वर्ग हसला, सरही हसले, पण कौलांचा मुद्दा सोडायला तयार नव्हते. दुसऱ्या परीक्षकांना शीट्सपेक्षा मॉडेल आवडलं होतं. त्यांनी घसरणीवर बोट ठेवलं. “हा उतार कुठून आणलास? माल अडकला तर?”

तिने टेबलाखालून एक पिशवी काढली. मंचरच्या बाजारातून आणलेला किलोभर बाळहिरडा, आणि एका कडेला बिजागरी लावलेला सनबोर्डचा तुकडा, शेजारी कोनमापक चिकटवलेला. बोर्ड उचलत नेला. 30 अंशाला हिरडे एकमेकांना धरून बसून राहिले. आणखी थोडा उचलला आणि सगळे एकदम घरंगळले, टेबलावरून, शीटवरून, परीक्षकांच्या पायांशी. दाराशी उभे असलेले शिपाईमामा “आत्ताच झाडलंय” म्हणाले, ते कुणी ऐकलं नाही. सर खाली वाकून हिरडे वेचत होते.

“आणि वळिवात चौकटी आत ढकलायला उशीर झाला तर? अर्धवट भिजलेला माल किती अंशाला सुटतो?”

ते तिने करून पाहिलं नव्हतं. सरांनी टेबलावरच्या बाटलीचं बूच काढलं आणि बाटली तिच्यापुढे सरकवली. मी घाईघाईने तिची शीट्स बाजूला घेतली.