खांब राहू द्या

जुना धक्का पाडायचं ठरलं की आधी हळहळतात ते गळ टाकून बसणारे म्हातारे. मग संध्याकाळी फिरायला येणारे, मग 'आमच्या लहानपणी' म्हणत जुने फोटो शोधून काढणारे. स्कुबा डायव्हरांचा नंबर सगळ्यात शेवटी. त्यांना बैठकीला बोलावलं तरी ते मागच्या बाकावर बसतात आणि बोलायची पाळी आली की काय सांगावं हेच त्यांना सुचत नाही. बाकी सगळ्यांचा धक्का पाण्याच्या वर असतो, तो बोट करून दाखवता येतो. आमचा खाली असतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावची टँकर जेट्टी २०२० मध्ये पाडली. मी राहते शेजारच्या राज्यात, ॲडलेडला. पण त्या वर्षी कोविडमुळे राज्यांच्या सीमा बंद, त्यामुळे शेवटचं बघायला जाणंही नाही. वेंगुर्ल्याला आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मोडक्या धक्क्यासाठी रडतंस कित्याक गो? नवो बांधतले मा?" नवा बांधलाच. २०२१ मध्ये तो खुलाही झाला, देखणा आहे, मजबूत आहे. आईला फोनवर समजावणं काही मला जमलं नाही.

टँकर जेट्टी १९३५ ची. तेलाची जहाजं लागायची म्हणून ते नाव. जहाजं यायची थांबली आणि जेट्टी गावाची झाली: मासेमारी, पोरांच्या उड्या, आणि मासे साफ करायच्या टेबलापाशी हक्कानं हजर होणारा सॅमी नावाचा सी-लायन. राज्याच्या वारसा यादीत तिचं नाव होतं. पण टेरेडो वारसा यादी वाचत नाही. हा दिसायला किडा, जातीनं शिंपला. आपल्या कालवांचा लांबचा भाऊबंद. पाण्यातलं लाकूड तो आतून पोखरतो आणि खांब वरून धडधाकट दिसत राहतो. कोकणात होडीच्या बुडाला चुना-तेल फासतात ते याच्याच धास्तीनं. त्यात गंजलेले बोल्ट, दर हिवाळ्यातली वादळं. जेमतेम चौदा हजार वस्तीच्या नगरपालिकेनं असं लाकूड किती वर्षं सांभाळायचं? उद्या फळी तुटून कुणी खाली गेलं तर, हा प्रश्न खोटा नव्हता. गावात दोन तट पडले, भांडण वर्षानुवर्षं चाललं. त्या भांडणात खर्च आला, सुरक्षा आली, आठवणी आल्या. खांबांवर जे राहत होतं त्याचा रकाना मात्र कायम बारीक राहिला. माझं दुखणं तेवढंच आहे.

धक्क्याखालचं डायव्हिंग हे या धंद्यातलं गरीब काम समजलं जातं. लोक मालदीवला जातात, तीस मीटरवर प्रवाळाच्या भिंतीकडेनं तरंगतात. आम्ही पार्किंगमध्ये जाडजूड सूट अंगात कोंबतो, पाठीवर सिलिंडर आणि कमरेला शिसं घेऊन गळवाल्यांच्या बादल्या चुकवत पायऱ्यांपर्यंत चालत जातो. फळ्यांवर माकुलाच्या शाईचे काळे डाग असतात. डाग ओले असतील तर आज खाली माकूल आहे असं समजायचं. मग एक पाऊल पुढे टाकून पाण्यात. खोली किती? चार मीटर, सहा मीटर, टोकाशी फार तर दहा. एवढ्या उथळ पाण्यात हवा तासाच्या वर पुरते, आणि होकायंत्राची गरजच पडत नाही. खांबांची रांग धरून जायचं, तीच धरून परत यायचं. धोका खोलीचा नाही, दोऱ्याचा. तुटलेल्या गळांची नायलॉनची दोरी खांबाखांबाला लोंबत असते आणि ती पाण्यात दिसत नाही. म्हणून कापायचं हत्यार छातीपाशी, दोन्ही हातांना सापडेल असं बांधायचं. पाय बेडकासारखे मारायचे. एरवीसारखे खालीवर मारले की तळाचा गाळ उठतो आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात.

शिकवताना मी नव्या विद्यार्थ्याला एकच खांब देते. वीस मिनिटं इथून हलायचं नाही. पाचव्या मिनिटाला तो कंटाळलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघतो. मी परत खांबाकडे बोट करते.

वरून सुरुवात करायची. लाटा आपटतात त्या पट्ट्यात बार्नॅकल आणि काळे शिंपले, बोट घालायला जागा नाही इतक्या दाटीनं. त्याखाली हातभर उतरलं की टॉर्च लावायचा. मघाशी मळकट राखाडी दिसणारा खांब एकदम नारिंगी, जांभळा, पिवळा होतो. हे स्पंज. त्यांच्या मधल्या जागेत ज्वेल ॲनिमोन, नखाएवढे, गुलाबी, प्रत्येक स्पर्शिकेच्या टोकाला एक गोळा. पिशवीसारखे ॲसिडियन, दोन तोंडांचे. एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर, दिवसरात्र. मेलेल्या बार्नॅकलच्या रिकाम्या कवचात ब्लेनी बसलेला असतो: करंगळीएवढा मासा, नुसतं डोकं बाहेर, चेहऱ्यावर 'काय काम आहे?' असा भाव. बोट नेलं की आत. पाच श्वास सावकाश घेतले की पुन्हा बाहेर. आणि इतका वेळ ज्याला स्पंजचा तुकडा समजून सोडून दिलं होतं तो तुकडा चालायला लागतो. डेकोरेटर खेकडा, पाठीवर जिवंत स्पंज लावून हिंडणारा. वीस मिनिटांनी विद्यार्थी स्वतःहून हलत नाही, त्याला ओढून न्यावं लागतं.

एरवी हा पसारा खोल पाण्यात, कपारींत बघायला मिळतो. इथे चार मीटरवर तो येतो कसा? सावलीमुळे. उघड्या खडकावर एवढ्या खोलीला ऊन पोहोचतं, समुद्री शेवाळ माजतं आणि जागा अडवतं. धक्क्याच्या फळ्यांखाली ऊन नाही, शेवाळाचं फावत नाही, मग चिकटून बसणाऱ्या आणि पाणी गाळून खाणाऱ्या प्राण्यांना जागा मिळते. सिडनीच्या बंदरात टिम ग्लॅस्बी या संशोधकानं १९९० च्या दशकात सावलीचा हा परिणाम प्रयोग करून तपासला होता. आम्हाला तो टॉर्च लावला की कळतो.

नवा खांब काही रिकामा राहत नाही, हे मान्य. पाण्यात गेल्या दिवसापासून त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, काही आठवड्यांत बार्नॅकल आणि नळीतले जंत येतात, वर्षभरात खांब झाकला जातो. मग फोटो दाखवून सांगतात, बघा, आलं की सगळं परत! झाकला गेला एवढं खरं. पण ब्लेनीला घर हवं तर आधी बार्नॅकल जन्मून, वाढून, मरायला हवा. शिंपल्यांच्या एका पिढीच्या कवचांवर दुसरी बसते तेव्हा फटी पडतात, फटींत राहणारे त्यानंतर येतात. टेरेडोच्या सोडलेल्या बिळांनाही गिऱ्हाईक असतं. जुन्या चाळीत पोटभाडेकरूचाही पोटभाडेकरू असतो, तसं हे. ते बसायला वेळ लागतो आणि त्या वेळेला पर्याय नाही. खांब क्रेननं उपसून वर घेतला की तासाभरात स्पंज लोळागोळा होतात, रंग उडतात, वास सुटतो. काठावरून बघणाऱ्याला ती घाण वाटते, आणि त्याचं तरी काय चुकलं?

आता लीफी सी-ड्रॅगनबद्दल. समुद्रघोड्याचा हा नातलग. अंगभर पानांसारख्या झालरी, लांबी वीतभराहून जास्त, जगात फक्त ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडतो. आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याचं ते सागरी मानचिन्ह. मादी अंडी नराच्या शेपटीखाली चिकटवते, अडीचशेपर्यंत, आणि पुढचे आठ-नऊ आठवडे तो ती वागवतो. पिल्लं सुटली की आपापली. इतर बऱ्याच माशांची पिल्लं प्रवाहावर स्वार होऊन दूरदूर पांगतात, यांची तशी पांगत नाहीत. मोठे झाल्यावरही पोहण्यात यथातथाच. त्यामुळे तोच प्राणी त्याच परिसरात पुन्हा पुन्हा भेटतो, आणि चेहऱ्यावरच्या रेघांवरून ओळखू येतो. 'सी-ड्रॅगन सर्च' नावाच्या प्रकल्पात डायव्हर आपले फोटो पाठवतात आणि संशोधक त्यावरून एकेक प्राणी ओळखून ठेवतात. 'त्यांना उचलून दुसरीकडे सोडा ना' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. घराला इतक्या चिकटलेल्या प्राण्याला नवी जागा मानवेलच याची खात्री कोण देणार?

ॲडलेडहून शंभर किलोमीटरवर रॅपिड बे आहे. तिथली जुनी जेट्टी १९४० च्या सुमारास बीएचपी कंपनीनं बांधली, पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा चुनखडक जहाजात भरण्यासाठी. पाचशे मीटरला थोडी कमी, टोकाला इंग्रजी टी-सारखी आडवी. जेट्टी वादळांनी खिळखिळी झाली, २००४ मध्ये ती लोकांना बंद केली. पुढे काय केलं? २००९ मध्ये शेजारी नवी, निम्म्या लांबीची जेट्टी बांधली आणि जुनी आहे तिथेच सोडून दिली. आम्ही नवीच्या पायऱ्यांवरून उतरतो आणि जुनीखाली पोहत जातो. लीफी तिथे अजून आहेत. जुनी जेट्टी आपल्या गतीनं पडतेय. तिच्या सैल भागाखाली जायचं नाही हे मी विद्यार्थ्यांना दटावून सांगते. जिथल्या फळ्या गेल्या तिथे ऊन आलंय आणि खांबांवर शेवाळ चढलंय. नुसते खांब राखले म्हणजे सगळं राखलं असं नव्हे, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. तरी न राखण्यापेक्षा कितीतरी बरं. कुणी फार विचार करून हे केलं असं मला वाटत नाही. पाडायला पैसे लागतात, सोडून द्यायला लागत नाहीत. पण शहाणपण कंजूषपणातून आलं म्हणून ते कमअस्सल ठरत नाही.

ठरवून केल्याचं उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच बसल्टन गावचं. १८६५ ची जेट्टी, १८४१ मीटर लांब, लाकडी. १९७८ मध्ये ॲल्बी चक्रीवादळानं तिचा मोठा तुकडा नेला. गावानं हट्टानं दुरुस्ती केली, २००३ मध्ये टोकाशी पाण्याखाली काचेची वेधशाळा बांधली. आता पोहता न येणारा माणूसही तिकीट काढून आठ मीटर खाली उतरतो आणि खांब बघतो. मला विचाराल तर डायव्हरांनी केलेल्या सगळ्या अर्ज-विनंत्यांपेक्षा ती काच जास्त कामाची. व्हिक्टोरियात फ्लिंडर्सच्या जुन्या लाकडी धक्क्यावरही हातोडा पडणार होता. तिथे लीफीचा भाऊबंद वीडी सी-ड्रॅगन राहतो, आणि तो तर त्या राज्याचं सागरी मानचिन्ह! लोकांनी आरडाओरडा केला, बेत मागे पडला. मानचिन्ह असण्याचा एवढा तरी उपयोग.

आमचं रडगाणं नेहमीच खरं असतं असंही नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात जुने खांब क्रिओसोट पाजलेले आहेत. हे डांबरी रसायन लाकूड टिकवतं, पण पाण्यात झिरपतं आणि खांबाला चिकटलेली हेरिंग माशाची अंडी त्यानं मरतात. तिथलं सरकार हजारो खांब उपसून काढतंय. त्या खांबांवरही ॲनिमोन आहेत, तिथल्या डायव्हरांनाही वाईट वाटतं. तरी ते खांब गेलेच पाहिजेत. मेलबर्नच्या उपसागरात धक्क्यांवर परदेशातून आलेले जंत आणि शेवाळ ठाण मांडून असतात, तेही जपून ठेवण्यासारखं नाही. थोडक्यात, खांबावर काय आहे ते पाहिल्याशिवाय पाडायचंही ठरवू नये आणि राखायचंही.

आपल्याकडे सागरमाला योजनेतून कोकणात नव्या जेट्ट्या उभ्या राहतायत. बहुतेक ठिकाणी शेजारी जुना धक्का आहेच, कुठे दगडी, कुठे काँक्रीटच्या खांबांवरचा. त्यांच्याखाली सी-ड्रॅगन नाहीत. कालवं आहेत, शिनाणे आहेत, खेकडे आहेत, आणि आणखी काय आहे ते कुणीतरी उतरून बघायला हवं. तुमच्या गावचा धक्का पाडायचा ठराव आला तर विरोधच करा असं मी म्हणत नाही. कंत्राट निघायच्या आधी दोन डायव्हर खाली पाठवा, खांब न् खांब फोटोत घ्या, ते फोटो ग्रामसभेत दाखवा. विषारी काही नसेल आणि होड्यांना अडचण नसेल तर निविदेत एक ओळ घालायला लावा: नवा धक्का शेजारी बांधावा, जुने खांब जागेवर ठेवून त्यांवर दिवा लावावा. माणसं शोधायला लांब जायला नको, मालवण-तारकर्लीला स्कुबा शिकलेली मुलं पुष्कळ आहेत. पावसाळा संपला की पाणी निवळायला लागतं आणि मे महिन्यापर्यंत उतरता येतं.